मदत हवी आहे: पुढे उभं राहायला बार्बेरियन, फायटर की पॅलाडिन?

नमस्कार मंडळी. आम्ही दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून आपापलं पात्र रंगवायचा खेळ) खेळतो, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. नव्या मोहिमेत सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार झेलायचं काम माझ्याकडे आलंय. सुरुवात पाचव्या लेव्हलपासून. बार्बेरियन, फायटर आणि पॅलाडिन या तीन प्रकारच्या योद्ध्यांपैकी सर्वात जास्त तग कोण धरतं?

मी हिशेब मांडून पाहिला. कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) +३ धरलं तर सरासरीने बार्बेरियनचे ५५ हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचे गुण) होतात, बाकी दोघांचे ४९. फरक सहाचाच. पण रेजमध्ये (बार्बेरियनच्या लढाईतल्या संतापात) तलवार, बाण, गदा यांचा मार निम्मा होतो, तिथे बार्बेरियन कितीतरी पुढे जातो.

मागच्या रविवारी मात्र फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) पडला. आठ फासे, बेरीज ३१. आमच्या बार्बेरियनचा सेव्ह (मार कमी करायला टाकायचा फासा) हुकला. तो रेजमध्ये होता, तरी पूर्ण ३१ गेले, कारण साध्या रेजने आगीचा मार कमी होत नाही. पुढच्या दोन घावांत तो शून्यावर आला. फार वाईट वाटलं.

फायटर चिलखत-ढालीने आर्मर क्लास (घाव लागणं किती कठीण तो आकडा) १८ च्या पुढे सहज नेतो, पॅलाडिनकडे ले ऑन हँड्सचे (हात ठेवून जखमा भरायचे) २५ पॉइंट असतात. आमचे डीएम (खेळ चालवणारे) जादूगार शत्रू भरपूर आणतात, म्हणून बार्बेरियनच्या बेअर टोटेम या पर्यायाकडे माझा कल आहे: रेजमध्ये सायकिक (मनावरचा) सोडून सगळाच मार निम्मा. पण रेज दिवसाला तीनच! चौथ्या लढाईत काय करायचं?

लांब मोहीम प्रत्यक्ष खेळलेल्यांनी कृपया सांगा. शनिवारपर्यंत पात्र तयार करायचंय.