मदत हवी आहे: अ‍ॅक्शन पोटेन्शियल (नसेतला विद्युत संदेश) ओसरतं ते पंपामुळे की पोटॅशियममुळे?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात एका गावच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. चेतापेशीच्या धड्यावर वर्गात दोन प्रश्न आले. उत्तरं पक्की करूनच मुलांसमोर जायचं आहे.

पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. पेशीच्या पडद्यातला सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीत 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. पोटॅशियम सतत थोडं बाहेर झिरपतं, म्हणून आतली बाजू सुमारे उणे 70 मिलिव्होल्टवर राहते. ती उणे 55च्या आसपास चढली की सोडियमचे चॅनेल, म्हणजे पडद्यातली दारं, उघडतात, सोडियम आत घुसतं आणि व्होल्टेज अधिक 30च्या आसपास जातं. एक-दोन मिलिसेकंदांत सगळं खाली येतं. हेच अ‍ॅक्शन पोटेन्शियल. ते खाली कोण आणतं? मुलांच्या नोट्समध्ये पंपाचं नाव आहे. मला पटत नाही, कारण एका चॅनेलमधून सेकंदाला लाखो आयन (विद्युतभारित कण) सुटतात, पंपाच्या फेऱ्या मात्र सेकंदाला शंभर-दोनशेच. एका मुलीने तर विचारलं, "मॅडम, पंप बंद पडला त नस तवाच बंद पडन का?"

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. एका मुलाचे वडील पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करतात. संध्याकाळी त्यांच्या गालाला, कपाळाला मुंग्या येतात, चुरचुरतं. याचा सोडियमच्या चॅनेलशी संबंध आहे का? 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. इथे अर्धवट उत्तर चालणार नाही.

प्रतिसाद:
ताई, तुमची शंका रास्त आहे. सोडियमचे चॅनेल आपोआप मिटतात, पोटॅशियमचे जरा उशिरा उघडतात आणि पोटॅशियम बाहेर पडल्यामुळे व्होल्टेज उतरतं. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्सॉनवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) हे मोजून दाखवलं. 1961 मध्ये तर अ‍ॅक्सॉनमधला गर पिळून काढून नुसतं पोटॅशियम क्षाराचं द्रावण भरलं, तरी संदेश धावत राहिले. एका संदेशात इतके थोडे आयन इकडचे तिकडे होतात की आतबाहेरचं प्रमाण जवळपास बदलतच नाही. मुलीला सांगा, लाइन गेली तरी टाकी भरलेली असेल तर नळाला पाणी येतं. टाकी भरायचं काम पंपाचं. जाड अ‍ॅक्सॉन त्यावर बराच वेळ चालतो, बारीक तंतू लवकर थकतो.

मुंग्यांचं म्हणाल तर सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं सोडियमचे चॅनेल वेळेवर मिटू देत नाहीत. मग त्वचेतल्या नसा विनाकारण संदेश पाठवत राहतात. बहुतेकदा दिवसभरात हे कमी होतं. पण डब्यावर नेमकं काय लिहिलंय ते पाहा.

धागाकर्ती:
मुलाने डब्याचा फोटो आणला. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन, दोन्ही आहेत.

प्रतिसाद:
मग नुसत्या मुंग्या म्हणून सोडून देऊ नका. प्रोफेनोफॉस ऑर्गॅनोफॉस्फेट या वेगळ्या गटातलं कीटकनाशक आहे. ते चॅनेलला हात लावत नाही, अ‍ॅसिटिलकोलीन हे नसेचा निरोप पुढे नेणारं रसायन मोडणारं एन्झाइम बंद पाडतं. लाळ गळणं, खूप घाम, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या. डबा सोबत न्या, डॉक्टरांना औषध कोणतं ते कळलं पाहिजे. आणि वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नका, हे त्या मुलाकडून घरी नक्की सांगा.