सायलेन्सर बदलल्यावर गाडी आतून घुमते: डिकीत शीट चिकटवून ते थांबत नाही

घाटवळण
मत सरळ मांडतो, म्हणजे खोडून काढायलाही सोपं जाईल. कंपनीचा काढून बाजारातला दुसरा सायलेन्सर लावल्यावर गाडीत जो घूंऽऽ आवाज भरून राहतो, त्यावर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारायला चिकटवतात ती) हा इलाज नाही. तो आवाज पाइपातच मारावा लागतो.

माझी स्विफ्ट पेट्रोल. दीड वर्षापूर्वी मागचा कंपनीचा डबा, म्हणजे सायलेन्सर, काढून आरपार (आत कप्पे नसलेला) मफलर बसवला. गावात आवाज मस्त लागतो. एक्स्प्रेसवेला पाचव्या गिअरमध्ये शंभराच्या आसपास इंजिनच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला २७०० वर आला की कानाला दडे बसतात. २४०० ला काही नाही, ३१०० ला काही नाही, नेमका तेवढाच पट्टा. दिवाळीत आई मागच्या सीटवर होती. फूड मॉलला थांबलो तर ती कपाळ दाबून बसलेली. पुढे बसवली, थोडा फरक पडला, पण डोकं उतरलं नाही.

मग १४,००० रुपये घालून डिकीचा तळ, चाकांच्या कमानी आणि पाचवं (डिकीचं) दार शीटने मढवून घेतलं. खडी उडाल्याचा आवाज गेला, दार लावताना भारदस्त वाटतं. घुमणं मात्र जागच्या जागी.

कारण साधं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. २७०० भागिले ६०, गुणिले २, म्हणजे सेकंदाला ९०. या ९० हर्ट्झच्या लाटेची लांबी हवेत जवळपास ३.८ मीटर. काचेपासून डिकीपर्यंत गाडी आतून साधारण २ मीटर, म्हणजे लाटेच्या निम्मी. पूर्ण केबिनच त्या सुरात वाजते. तिथे पत्र्याला चिकटवलेली पातळ शीट काय करणार?

उपाय म्हणजे जे-पाइप. मुख्य पाइपाला एक फांदी जोडायची, टोक बंद. लाट टोकाला आपटून परत येते तोवर उलटी झालेली असते आणि मूळ लाटेला खाते. तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला ३४३ ऐवजी ४५० मीटरच्या आसपास धावतो असं धरलं, तर ९० हर्ट्झला फांदी सव्वा मीटरची लागेल. वेल्डर बघून ठेवलाय.

निवांत
पूर्ण असहमत. कंपनीचा डबा परत लावा, विषय संपला. तो मोठा आणि जड असतो तो उगाच नाही. त्याच्या आतले कप्पे आणि भोकांच्या नळ्या असेच आवाज मारायला बसवलेल्या असतात. तुम्ही ते काम उपटून टाकलंत, आणि आता तेच बाहेरून वेल्डिंगने परत आणताय.

दुसरं, तुम्ही फक्त गाडीच्या आतल्या आवाजाबद्दल बोलताय. बाहेर जो आवाज जातो त्याचं काय? आमच्या सोसायटीत रात्री साडेअकराला अशी गाडी आली की पहिल्या मजल्यावरचं चार महिन्यांचं बाळ दचकून उठतं. मी ते रोज ऐकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९०(२) खाली आवाजाचे नियम मोडले तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद. आतून शांत करून ती गाडी कायद्यात बसत नाही.

चिकाटी
शीटवर सरसकट फुली मारू नका. माझ्या गाडीत फरक पडलाय. घुमण्यात पत्र्याचाही वाटा असतो, विशेषतः छप्पर आणि पाचवं दार. बोटाने टिचकी मारून बघा. ठण्ण वाजलं तर तो पत्रा स्वतः स्पीकर झालाय. ब्युटाइल (चिकट रबराची) शीट तिथे हवी, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, रोलरने दाबून. मधला पाव भाग झाकला तरी पुरतं. तुम्ही छप्पर केलंच नाहीत, मग निकाल कसा देता? मोबाइलच्या अॅपवर माझं रीडिंग ३ डेसिबलने उतरलं.

आणि जे-पाइप एकाच सुराला चालतो. पाइप थंड असताना आवाजाचा वेग वेगळा, घाट चढताना वेगळा. सूर सरकला की फांदी नुसती लोंबकळत राहते.

घाटवळण
छपराचं मान्य, ते मी केलं नाही. पण अॅपवर विसंबू नका. ही अॅप बहुतेक डीबीए दाखवतात, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे जाड सूर कमी धरणारं माप. त्यात ८० हर्ट्झला सुमारे २२ आणि १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा करूनच आकडा येतो. टायरचा आवाज कमी झाला की आकडा उतरतो, घुमणं तसंच राहतं. माझंही रीडिंग उतरलं होतं, आईचं डोकं दुखायचं थांबलं नाही.

निवांत, बाळाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पाना
बावीस वर्षं गाडीखाली काढली आहेत म्हणून सांगतो. फांदी-बिंदी नंतर. आधी दोन गोष्टी.

एक, हँगरचे रबर, म्हणजे ज्यावर सायलेन्सर गाडीखाली टांगलेला असतो ते. बरेच जण सायलेन्सर हलू नये म्हणून कडक रबर टाकतात, कधी तर तारेने आवळतात. पाइपाची थरथर मग सरळ बॉडीत उतरते. पाइप हाताने धरून हलवला तर तो झुलला पाहिजे, आणि कुठेही पत्र्याला टेकता कामा नये.

दोन, लीक. नवा मफलर जोडलाय त्या फ्लँजला (बोल्टने आवळलेल्या जोडाला) काळं धरलंय का बघा. गार इंजिन चालू करून कुणाला तरी मागच्या नळीवर जाड ओलं फडकं क्षणभर दाबायला सांगा. कुठे फुसफुसतंय ते लगेच कळतं. मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं दुखतंय म्हणताय, तर हे आजच करा. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तोवर गाडी चालवू नका.

निवांत
पानांशी सहमत. हे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं.

घाटवळण
पाना, काल संध्याकाळी गाडी रॅम्पवर घेतली. रबर ठीक आहेत. फ्लँजच्या खालच्या बाजूला मात्र बोटभर काजळी. जोडातलं गॅस्केट (धूर अडवणारी चकती) एका बोल्टपाशी तुटलेलं.

त्याहून वाईट पुढे आहे. स्टेपनीच्या खड्ड्यात रबरी बूच असतं, पाणी काढायचं. ते नाहीच. शीट चिकटवताना काढलं आणि परत लावलंच नाही. खालून टॉर्च मारला तर उजेड डिकीत दिसला. त्या भोकापासून फ्लँज जेमतेम दोन हात लांब. आणि मी एसी रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत) टाकून, काचा बंद करून आईला घेऊन गेलो होतो.

गॅस्केट नवं टाकलं, बूच बसवलं. आज सकाळी तळेगावपर्यंत जाऊन आलो. २७०० चं घुमणं आहे, थोडं कमी वाटतं, पण आहे. वेल्डरला फोन करून नको सांगितलं. कंपनीचा डबा माळ्यावर गोणपाटात आहे, तो रविवारी काढतो. आईला पुढच्या महिन्यात कोल्हापूरला न्यायचंय.

चिकाटी, छपराच्या शीटचं मी डबा बसल्यावर करून बघेन. तिथे वाद अजून बाकी आहे.