जुनी स्प्रिंग रायफल नवी करून घेतली, पण ग्रुप (एका जागी मारलेल्या भोकांचा पुंजका) उभा पडायलाय. पेलेट (शिशाची छोटी गोळी) कुठलं घेऊ?

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, वडगावात राहतो, १० मीटर एअर रायफल मारतो, हौशी लेव्हलला. २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून घरातली पोरं मागं लागल्यात, म्हणून एक जुनी जर्मन साइड-लीव्हर (बाजूच्या दांड्यानं स्प्रिंग ताणायची) मॅच रायफल घेतली, ती स्लेजवाली, म्हणजे ट्रिगर दाबला की वरची अ‍ॅक्शन रुळावरून मागं सरकते आणि धक्का खांद्याला लागत नाही. स्प्रिंग आणि पिस्टन सील नवीन घातलं, उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडनं नळीचं तोंड परत फेस करून घेतलं, लाकूड पण सागवानी करून घेतलं, दिसायला एक नंबर झालीय बगा.

पण मारायला बसलं की ग्रुप आडवा छान, उभा मात्र लांबायलाय. मित्राचा क्रोनो (वेग मोजायचं यंत्र) लावून बघितला तर एकाच डब्यातल्या पेलेटला एकदा १५८ मीटर पर सेकंद, लगेच पुढच्याला १७६. आता १० मीटरवर एवढ्या फरकानं चारेक मिलिमीटर वर-खाली होतंयच, आणि १० ची रिंग अर्ध्या मिलिमीटरची, पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरवर, म्हणजे मी नेम कितीबी धरला तरी एक पॉइंट गेलाच की.

पेलेट ८.२ ग्रेन वजनाची, हेड (पुढच्या डोक्याचा व्यास) ४.५० मिलिमीटर वापरायलोय. कोण म्हणतंय ४.४९ घे, कोण म्हणतंय ४.५१, कोण म्हणतंय धुऊन वजन करून वेगळी काढ. शहापुरातल्या सोनाराच्या काट्यावर घालून बघितली, तो १० मिलिग्रॅमच्या खाली दाखवतच नाही, सगळी सारखीच. आणि ह्या स्लेजवालीला व्हाइसमध्ये धरून टेस्ट करायची तरी कशी, नळी आवळली तर अ‍ॅक्शन सरकणार कशी? जाणकारांनी सांगा की वो.

प्रतिसाद (निपाणी):
दादा, पेलेटचे डबे आत्ताच घेऊ नका, पैसे वाया. १८ मीटरचा फरक हेड साइजनं पडत नाही, रायफलच हवा सोडायल्या कुठंतरी. नळी कधीच आवळायची नाही, स्टॉक धरा, लाकडाला रबराची पट्टी लावून, अ‍ॅक्शन मोकळी राहू द्या. आधी हे बघा: पेलेट भरून लीव्हर बंद केल्यावर ब्रीचच्या (नळीचं मागचं तोंड, जिथं पेलेट भरतो) फटीवर टिशू पेपरची बारीक पट्टी ठेवून फायर करा. पट्टी फडफडली तर ब्रीचचं सील गेलंय. रिकामी मात्र मारू नका, पुढं हवेची गादी नसली की पिस्टन जाऊन आदळतो, नवीन सील फाटतंय.

दुसरं म्हणजे सील घालताना ग्रीस किती थापलं? कॉम्प्रेशन चेंबरमध्ये जास्त झालं की दाबानं पेटतंय, जळका वास येतो, एखादा शॉट उगाच जोरात जातो. तसं असेल तर उघडून पुसा, नाहीतर काही शे शॉट मारून बसू द्या. आणि नळीच्या तोंडावर कानातल्या काडीचा कापूस हलकेच गोल फिरवा, कुठं तंतू अडकला तर लेथवाल्यानं बर (धातूची बारीक धार) सोडलाय. पेलेटची निवड ह्याच्यानंतर.

धागाकर्ता:
वास येतोय खरा, मला वाटलं नवीन सीलचा असेल. कापूस कुठं अडकला नाही, लेथवाल्याचं काम चोख आहे. पण टिशू मात्र चांगलाच उडाला! ब्रीचची रिंग काढून बघितली, एका बाजूनं चपटी झालीय, नखानं दाबली तर कडक लागते. उद्यमबागेत हायड्रॉलिक सीलवाले पायलीला पन्नास आहेत, साइज मापून नेतो. नायट्राइलची चालेल का पॉलियुरेथेनच घेऊ, आणि जुनीपेक्षा किंचित जाड घेतली तर लीव्हर बंद व्हायला जड जाईल का, तेवढं सांगा.