गिनीपिग हा मुलांसाठी ‘सोपा’ प्राणी आहे का? माझं मत : अजिबात नाही

घोडबंदरकर
परीक्षा संपल्या की आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दरवर्षी एक लाट येते. आधी लव्हबर्ड्स झाले, मग ती छोटी कासवं झाली, आता गिनीपिग. कारण सगळ्यांचं एकच, कुत्रा नको, फिरवायला लागतो, लिफ्टवरून भांडणं होतात, हे आपलं पिंजऱ्यात गप पडून राहील. मला हे पटत नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड डोंगराळ भागातला प्राणी, त्याला मानवतं १८ ते २४ डिग्री, घाम त्याला येत नाही, तीसच्या वर गेलं की हीटस्ट्रोकची भीती, आणि आपल्या ठाण्यात मे महिन्यात पंख्याखाली बसून आपलीच काय अवस्था होते बघा. वर तो जगतो ५ ते ८ वर्षं. म्हणजे पाचवीतल्या पोराला घेऊन दिला तर पोरगं बारावीच्या क्लासला आणि लेंड्या उचलायला आई. बोला आता.

कोपरखैरणे_काकू
आईच करते हे खरंय, पण घरातलं बाकीचं कोण करतं मग? 😄 आमच्याकडे दोघी आहेत, एसी नाही. दुपारी पाण्याची बाटली फ्रीजरमधून काढून फडक्यात गुंडाळून ठेवते, तिला टेकून लादीवर पसरतात दोघी. फ्रिजचं दार उघडलं की कोथिंबिरीच्या आशेने अशा शिट्ट्या मारतात की शेजारणीला वाटतं कुकर लागलाय. भाजी निवडताना देठं, साली उरतात ती त्यांना. खर्च कसला त्यात?

सेक्टर_१९
काकू रागावू नका पण उरलेल्या भाजीवर गिनीपिग जगवणं हीच तर गडबड आहे. त्याचं मुख्य खाणं सुकं गवत, ते चोवीस तास समोर हवं. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावूनच. दुसरं म्हणजे क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, आपल्यासारखंच. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी प्रयोगशाळेत स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार) घडवून दाखवला तो गिनीपिगमध्येच. त्यामुळे शिमला मिरची रोज पाहिजे, संत्र्यापेक्षा जास्त असतं तिच्यात. पाण्यात थेंब टाकून भागत नाही, उजेडात ते लवकर निकामी होतं. आणि साली देताना कांदा, लसूण, बटाटा चुकूनही नको.

कोपरखैरणे_काकू
गवत देत नाही असं मी कुठे लिहिलं? तबेल्याला चारा देणाऱ्याकडून आणते की. लसूणघास (अल्फाल्फाचा चारा, लसूण नव्हे) मात्र पिल्लं होत्या तेव्हाच दिला, आता नाही, त्यात कॅल्शियम फार, मुतखडे होतात. आणि मला शिमला मिरची शिकवताय 🙏

निवांत_वर्तकनगर
असे नियम लावले तर माणसाने मासेसुद्धा पाळू नयेत. इथे अर्ध्या चाळी-सोसायट्यांत देशी पोपट पिंजऱ्यात आहेत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, त्यावर कुणी धागा काढत नाही. गिनीपिग तर हजारो वर्षांपासून माणसाळलेला, जंगलातून पकडून आणलेला नाही, चावत नाही, सातव्या मजल्यावरून भुंकत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांनी प्राण्याला हातच लावू नये का?

घोडबंदरकर
माणसाळला तो खाण्यासाठी हो, पेरूत अजून खातात. माणसाळला म्हणजे दीड फुटी पिंजऱ्यात एकट्याने दिवस काढायला तयार झाला असं होत नाही ना. कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनुसार एकटा ठेवता येत नाही. आणि दोन ठेवायचे तर निदान साडेसात चौरस फूट जागा लागते, आपल्याकडे तेवढ्यात लोक वॉशिंग मशीन, चपलांचं कपाट आणि देवघर बसवतात.

दुपारची_झोप
दोन आणा म्हणणाऱ्यांसाठी. आमच्या दुकानदाराने “दोन्ही माद्याच आहेत” म्हणून शपथेवर सांगितलं. त्यातली एक मादी दोन-सव्वादोन महिन्यांत आई झाली, पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच आली आणि दुसऱ्या दिवशी गवत कुरतडायला लागली. आमची मुलगी खूश, मी नेटवर वाचत बसले तेव्हा कळलं की बाळंत झाल्यावर काही तासांतच ती परत गाभण राहू शकते. त्याच रात्री नर वेगळा केला. नरपिल्लंसुद्धा तीन आठवड्यांची झाली की वेगळी करावी लागतात. पिंजरे वाढले, हॉल गेला.

सेक्टर_१९
डॉक्टरच्या मुद्द्यावर कुणी बोलतच नाहीये. कुत्र्या-मांजरांचे गल्लोगल्ली मिळतात, गिनीपिग बघितलेला मिळवायला फोनाफोनी करावी लागते. भक्ष्य प्राणी असल्यामुळे आजार शेवटपर्यंत लपवतो, अर्धा दिवस खाल्लं नाही तर थेट उचलून न्यायचा, उद्या बघू चालत नाही. कळव्याहून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला संध्याकाळी निघून बघा. आणि तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर तिथेच विचारा, आतड्यातले चांगले जंतू मरून जीव जाऊ शकतो.

निवांत_वर्तकनगर
बरं, डॉक्टरचा मुद्दा मान्य. आधी डॉक्टर शोधा, मग प्राणी. पण यात मुलांचा काय दोष? माझ्या भाच्याने गिनीपिगमुळे घड्याळ बघून उठायला सुरुवात केली, कुठल्या क्लासने झालं नव्हतं.

घोडबंदरकर
भाचा गुणी आहे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की “फ्री टु गुड होम, पिंजऱ्यासकट” हे मेसेज येतात त्याचं काय? काकूंसारखं कुणी बाटल्या गोठवणार असेल तर जरूर पाळा. मी बोलतोय ते सुट्टीपुरतं खेळणं म्हणून आणणाऱ्यांना.

कोपरखैरणे_काकू
मग शीर्षक तसं द्यायचं ना! “अजिबात नाही” लिहून मोकळे झालात.

नवीन_सभासद_ऐरोली
भांडण चालू द्या, पण आमच्याकडे भावाने दोन आणून ठेवलेत, परत घेत नाही म्हणतोय. पावसाळ्यात गवताला बुरशी येते त्याचं काय करू?

कोपरखैरणे_काकू
थोडंथोडंच आणा. आणल्यावर पंख्याखाली पेपरवर पसरा, मग कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही. कुबट वास आला की सरळ फेकायचं, पैसे बघायचे नाहीत. आणि आधी दोघांचं लिंग नीट तपासून घ्या, दुकानदाराला विचारू नका 😄