स्क्वाड एका पायावर येईना, माझा घसा बसला. मदत हवी, तातडीनं!

गल्लीतला_कॅडेट: मंडळी, लवकर सांगा. मला स्क्वाडचा, म्हणजे कवायतीच्या तुकडीचा, कमांडर केलंय. 'तेज चल' म्हटलं की पुढची ओळ निघते आणि मागची विचार करत उभी राहते. दहा मिनिटांत माझा आवाज जातो. कवायत शिकवणारे उस्ताद म्हणतात 'पेट से बोलो'. पोटातून बोलायचं कसं, ते मात्र कुणी सांगत नाही. त्यात मॅप रीडिंगही माझ्याच गळ्यात मारलंय. काय करू?

निपाणीकर: एनसीसी की स्काऊट? ज्युनियर की सीनियर? पोरं किती? कशाचा पत्ता नाही आणि म्हणे काय करू.

गल्लीतला_कॅडेट: एनसीसीच की ओ! सीनियर डिव्हिजन, आर्मी. रविवारपास्नं कॅम्प.

कॅम्पातले_काका: बाळ, माझी नोकरी मराठा लाईट इन्फंट्रीत झाली, म्हणून सांगतो. कमांडचे दोन तुकडे असतात. 'तेज' हा इशारा, तो लांबवायचा. मग थांबायचं. मग 'चल' ताडकन तोडायचं. तू दोन्ही एका दमात म्हणत असणार. मधे जागाच नाही, तर मागच्यानं तयार कधी व्हायचं? आता पोटाचं. आधी श्वास भर, खांदे वर चढू देऊ नकोस. पट्ट्यावर हात ठेव. 'चल'ला पोट आत झटकलं पाहिजे. हात हलला नाही तर तू घशानंच ओरडतोयस.

धावपटू_वडगाव: एनसीसीचं सी सर्टिफिकेट काढ भावा. बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले की स्पेशल एंट्रीनं थेट एसएसबीला, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या मुलाखतीला जाता येतं, त्याआधीची सीडीएसची लेखी परीक्षा नाही.

निपाणीकर: त्यानं हे विचारलंय का?

खानापूरचा_गडी: मैदानावर पाय आपटून लीडर होत नाही कोण. पोरांना जांबोटीच्या रानात न्या, कणकुंबीच्या पावसात दोन रात्री ठेवा. जळवा लागल्या की कोण पुढारी आणि कोण रडका ते आपोआप कळतं. साप चावला तर वर आवळून बांधायचं, चीर द्यायची, हे तरी शिकवतात काय आता?

सिस्टर_टिळकवाडी: हे कृपा करून कुणी करू नका. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं तर अजिबात नाही. अंगठी-घड्याळ काढा, चावलेला हातपाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथं मिळतं.

खानापूरचा_गडी: आमच्या आजोबांनी चीर देऊनच वाचवलाय माणूस.

सिस्टर_टिळकवाडी: तो साप बिनविषारी असणार.

गल्लीतला_कॅडेट: अहो माझ्या स्क्वाडाचं बोला! अर्धी पोरं कन्नड बोलणारी, अर्धी आपली. चिडलो की तोंडातून मराठीच येतं, मग निम्मी एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

सीमावासी_५६: बघा, इथंही तेच! सीमावादाच्या महाजन अहवालात...

निपाणीकर: १९५६ पासनं चाललंय, रविवारपर्यंत मिटायचं नाही. त्याचा धागा वेगळा आहे. पोरा, कमांड हिंदीत आहे ना? मग झापायचं तेही हिंदीतच झाप, सगळ्यांना सारखं लागेल. मॅपमधलं काय अडलंय?

गल्लीतला_कॅडेट: बॅक बेअरिंग, म्हणजे उलट दिशेचा कोन. कधी मिळवायचं, कधी वजा करायचं तेच लक्षात राहत नाही.

निपाणीकर: बेअरिंग १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळव, जास्त असेल तर १८० वजा कर. उत्तर ० ते ३६० च्या बाहेर गेलं तर उलटं केलंयस. आणि कंपास रायफल, मोबाईलपासून लांब धर, सुई भरकटते.

कॅम्पातले_काका: मोबाईल निघालाच आहे तर त्यात मेट्रोनोम १२० वर लाव. तेज चालीत मिनिटाला १२० कदम. आधी जागेवर कदम ताल घे, ठोका जुळला की मगच पुढं काढ.

गल्लीतला_कॅडेट: आज व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर केलं. 'तेज' लांबवल्यावर निघायला लागली एकदम, घसाही टिकला. पण मधल्या ओळीतले दोघं दहा पावलांत चुकतातच.

कॅम्पातले_काका: ते दोघं बुटके आहेत काय?

गल्लीतला_कॅडेट: व्हय. तुम्हाला कसं कळलं?

कॅम्पातले_काका: दोन उंचांच्या मधे उभे असणार. ३० इंचाच्या कदमाला त्यांना उड्या माराव्या लागत असतील. 'लंबा दाहिने, छोटा बाएं' करून स्क्वाड नव्यानं लाव. आणि दाहिना दर्शक, म्हणजे उजव्या टोकाचा गडी, लांब ढांगा टाकत असेल तर आधी त्याला आवर.