आरोग्य केंद्रातली रिक्त पदं: आमदारांनी सभागृहात विचारायचं की जिल्ह्यातच?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सातमाळा

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही म्हणून आमदार तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) प्रश्न लावतात आणि छापील उत्तर येतं: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ गावात संताप होतो, आणि तो रास्तच आहे. पण या उत्तराला वाट करून देतो तो प्रश्नाचा मसुदा.

नेहमीच्या मसुद्याचा पहिला भाग असा असतो: ‘अमुक केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत असल्याचे माहे जून, २०२४ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय?’ यात दोन विधानं एकमेकांना बांधलेली आहेत, पदं रिक्त असणं आणि गैरसोय होणं. दोनपैकी एक पद बंधपत्रित (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणाऱ्या) डॉक्टरनं भरलेलं असलं की जिल्ह्यातून लिहून येतं, रुग्णांना सेवा मिळते आहे, गैरसोय नाही. अख्खं वाक्य ‘खरे नाही’ ठरतं. त्याच्यावर ‘असल्यास’ म्हणून टांगलेले प्रश्नाचे बाकीचे तीन भाग आपोआप गळतात.

म्हणून ‘खरे आहे काय’ सोडा आणि आकडे मागा. पदांसाठी चार रकाने पुरतात: मंजूर, भरलेली, भरलेल्यांपैकी कामगिरीवर (म्हणजे तात्पुरत्या कामासाठी) किंवा प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवलेली, आणि ठरावीक तारखेला त्या केंद्रात प्रत्यक्ष कार्यरत. तिसरा रकाना विसरायचा नाही. डॉक्टरचं पद गावच्या केंद्रात, पगारही तिथूनच, माणूस मात्र तालुक्याच्या रुग्णालयात, असं सर्रास असतं, आणि कागदावर ते पद भरलेलंच दिसतं.

औषधांचंही तसंच. ‘औषधांचा तुटवडा आहे काय’ याला ‘पुरेसा साठा उपलब्ध आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी सर्पदंशावरचं प्रतिविष आणि रेबीजची लस, एवढ्या दोनच गोष्टींचा ई-औषधीवरचा (सरकारी औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीतला) दर महिन्याच्या १ तारखेचा साठा आणि वर्षभरात साठा शून्य असलेले दिवस मागावेत.

हे सभागृहातच विचारायला हवं, कारण मार्च २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. सर्वसाधारण सभेत आणि आरोग्य समितीत उभं राहून विचारणारा सदस्यच राहिला नाही. त्या वर्षांत हा सगळा भार आमदारांवर आला.

वैनगंगा

मसुद्याबद्दलचं सगळं मान्य. जागेबद्दल ठाम असहमत.

विधानसभेत २८८ सदस्य. प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात तोंडी चर्चेला येतात फार तर पाच-सात प्रश्न. बाकीच्यांची उत्तरं छापील यादीत पटलावर जातात, त्यांवर उपप्रश्न विचारता येत नाही. नागपूरचं अधिवेशन जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचं. त्यात एका केंद्रातल्या एका डॉक्टरसाठी मंत्र्याला उभं करणं म्हणजे राज्याच्या सभागृहाचा वेळ तालुक्याच्या कामाला वापरणं.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी समोर बसलेले असतात. रिक्त पदाचा विषय तिथे काढा, अंमलबजावणी करणारा माणूस समोरच आहे. आणि तुमचे चार रकाने? ते माहितीच्या अधिकारात कुणालाही ३० दिवसांत मागता येतात, आमदार लागत नाही.

सभागृहात विचारायचं ते धोरण. बंधपत्राचं वर्ष संपलं किंवा पदव्युत्तर प्रवेश मिळाला की डॉक्टर जातो आणि तीच खुर्ची पुन्हा रिकामी होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली माणसं अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर वर्षानुवर्षं काढतात. याचं उत्तर जिल्ह्यात कुणाकडेच नाही, ते मंत्रालयातच आहे.

कोयनाकाठ

वैनगंगा, जिल्हा नियोजन समितीबद्दल तुम्ही फार आशावादी आहात. तिच्या बैठका वर्षात मोजक्या, आणि त्यांतला वेळ जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा आणि निधीचा खर्च यांतच जातो. पालकमंत्री ‘लक्ष घाला’ म्हणतात, इतिवृत्तात एक ओळ येते. सभागृहातलं उत्तर चुकीचं निघालं तर हक्कभंगाची सूचना देता येते. इतिवृत्तातल्या ओळीमागे असलं काही बळ नसतं.

शिवाय प्रश्नाचा परिणाम उत्तराच्या आधीच सुरू होतो. सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी गेलेली असते. विधानमंडळ सचिवालयातून ती सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कक्षाकडे, तिथून आयुक्तालय, मग परिमंडळाचे उपसंचालक, जिल्हा आरोग्य अधिकारी, शेवटी तालुका आरोग्य अधिकारी अशी खाली उतरते. प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी सही करून माहिती द्यावी लागते. ‘पद रिक्त आहे’ असं लिहून वर पाठवणं कुणालाच नको असतं, त्यामुळे महिनोन्‌महिने अडकलेला पदस्थापनेचा आदेश त्या पंधरवड्यात निघतो. तोंडी चर्चेला प्रश्न आलाच नाही तरी हे घडतं.

जुना पेठकर

तो आदेश कसला असतो तेही लिहा. शेजारच्या केंद्रातला डॉक्टर आठवड्यातले तीन दिवस इकडे, कामगिरीवर. उत्तरात लिहितात ‘वैद्यकीय अधिकारी उपलब्ध आहेत’. शेजारचं केंद्र अर्धं रिकामं झालं, त्याचा प्रश्न कुणी लावलेलाच नाही. अधिवेशन संपलं की आदेश रद्द. एका केंद्राचा प्रश्न विचारणं त्यामुळे नुसतं निरुपयोगी नाही, शेजारच्या गावाला त्रासदायक आहे.

सातमाळा

जुना पेठकर, हे बरोबर आहे आणि माझ्या मांडणीत ते नव्हतं. मग तक्ता तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांचा मागायचा, आणि दोन तारखांचा: सूचना द्यायच्या आधीच्या महिन्याची १ तारीख आणि उत्तराच्या महिन्याची १ तारीख. डॉक्टर इकडून तिकडे हलवला असेल तर एकाच कागदावर दिसेल.

वैनगंगा, उत्तर लिहिणारा आणि ज्याच्याबद्दल प्रश्न आहे तो एकच अधिकारी असतो. माहितीच्या अधिकारातही तेच. फरक इतकाच की तारांकित प्रश्नात त्या माहितीखाली शेवटी मंत्र्यांचं नाव येतं.

इंद्रावती

दोन्ही बाजू गृहीत धरताहेत की प्रश्न योग्य विभागाकडे जातो. अनेकदा पहिला घोळ तिथेच होतो.

२०२३ घ्या. ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ते रुग्णालय ठाणे महापालिकेचं. सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले. ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. लोकांच्या लेखी दोन्ही ‘सरकारी दवाखाने’, आणि दोन्हींपैकी एकही सार्वजनिक आरोग्य विभागाच्या थेट ताब्यात नाही.

ग्रामीण भागात गुंता याहून वाढतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आणि त्यावरचं उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाचं, तिथे जिल्हा शल्य चिकित्सक. त्यातही केंद्राची इमारत आणि बरेचसे कर्मचारी जिल्हा परिषदेचे, पण वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेतला, त्याची नेमणूक मंत्रालयाच्या हाती. एकाच प्रश्नात ‘डॉक्टर नाही आणि छत गळतं’ असं लिहिलं की अर्धा प्रश्न एका टेबलावर, अर्धा दुसऱ्या. विभाग एकमेकांकडून माहिती मागवत बसतात आणि उत्तर येतं ‘माहिती घेण्यात येत आहे’.

रुग्णवाहिकेचा घोळ तर कायमचा. १०८ ही राज्याची आपत्कालीन सेवा, २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झालेली, ठेकेदारामार्फत चालणारी, गाडीत डॉक्टर असलेली. १०२ ही गरोदर माता आणि बाळांना नेण्या-आणण्यासाठी आरोग्य केंद्राशी जोडलेली गाडी, चालक बहुतेक ठिकाणी कंत्राटी. ‘रुग्णवाहिका वेळेवर येत नाही’ असं मोघम विचारलं तर विभाग १०८ च्या राज्यव्यापी सरासरी वेळा देतो. गावाची तक्रार असते चालक नसल्यामुळे केंद्राच्या आवारात उभ्या असलेल्या १०२ च्या गाडीची. प्रश्नात क्रमांक लिहा, गाडी किती दिवस बंद होती ते विचारा, आणि चालक, डिझेल की दुरुस्ती, कारण काय तेही विचारा.

वैनगंगा

इंद्रावती, तुमच्याच मुद्द्यानं माझी बाजू बळकट होते. इतकं बारीक वाटप ज्याला माहीत आहे तो माणूस जिल्ह्यात बसतो.

सभागृहाची जागा कुठे आहे ते उदाहरणानं सांगतो. मैदानी भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. पण लोकसंख्या धरायची ती २०११ ची, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. नवीन केंद्र बृहत् आराखड्यात (कुठे कोणतं केंद्र हवं याच्या राज्याच्या आराखड्यात) बसावं लागतं, मग जागा, मग बांधकाम, आणि पदनिर्मिती वेगळीच: तिला वित्त विभागाची संमती आणि सचिवांच्या समितीची मान्यता. इमारत आधी पूर्ण होते आणि पदांची फाईल मागे राहते. रंगरंगोटी झालेली, कुलूप लागलेली केंद्रं त्यातून उभी राहतात. याला जिल्हाधिकारी काय करणार? इथे आमदारांनी विधानसभेच्या नियम १०५ खाली लक्षवेधी (एखाद्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावावी: राज्यात बांधकाम पूर्ण झालेली पण पदनिर्मिती न झालेली केंद्रं किती, प्रत्येकाची फाईल कोणत्या विभागाकडे, कोणत्या तारखेपासून. हा प्रश्न विचारायचा सोडून ‘माझ्या गावचा डॉक्टर’ विचारला जातो, माझा आक्षेप तेवढाच आहे.

कोयनाकाठ

लक्षवेधीबद्दल सहमत. पण ती मंजूर होणं अध्यक्षांवर, आणि एका दिवशी मोजक्याच येतात. ‘माझ्या गावचा डॉक्टर’ हाच बहुतेक आमदारांचा दरवाजा आहे, तो बंद करू नका.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. प्रश्न तोंडी आलाच, तर उपप्रश्नात भाषण न करता एकच विचारावं: कोणत्या तारखेपर्यंत? मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता ९० दिवसांत व्हावी असा दंडक आहे आणि त्यावर आश्वासन समिती नजर ठेवते. ‘पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे’ एवढ्यावर विषय थांबला की विभाग मुदतवाढ मागत राहतो. तारीख वदवून घेतली तर निदान बोट ठेवायला जागा राहते. उत्तर समाधानकारक नसेल तर आमदारांनी अध्यक्षांकडे प्रश्न राखून ठेवण्याची (म्हणजे पुन्हा उत्तरासाठी घेण्याची) मागणी करावी, किंवा नियम ९४ खाली अर्धा तास चर्चेची सूचना द्यावी. दोन्ही मार्ग फार कमी वापरले जातात.

आणि एकाच प्रश्नाखाली पंधरा-वीस सदस्यांची नावं छापलेली असतात. त्यांतल्या कुणाच्याच मतदारसंघाचा तक्ता कुणी मागत नाही. इतक्या जणांनी आपापला तालुका लिहिला असता तर ते राज्याचं चित्रच झालं असतं, वैनगंगांना हवं तसं.

जुना पेठकर

उत्तर आल्यावर ते पडताळणार कोण? तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. गावातल्या कुणीतरी आपल्या केंद्राची ओळ काढावी आणि त्याच महिन्याच्या हजेरीपटाची, तसंच कामगिरीच्या आदेशांची साक्षांकित प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. हजेरीपटात सही नाही आणि उत्तरात ‘कार्यरत’ आहे, तर ते दोन कागद आमदारांच्या हाती द्या. त्यांच्याकडे हक्कभंगाचा आधार आला.

वैनगंगा

ते दोन कागद हाती आले की पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबायचं कशाला? त्याच दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या, आमदारांना प्रत द्या. कामगिरीचा आदेश जिल्ह्यातूनच निघालेला असेल तर रद्दही जिल्ह्यातच होतो. नाही झाला, तर मग लावा तारांकित, आणि त्यात त्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख टाका.