स्वस्त नेमके काय पडते? सोलापूरकरांचे खरेदीचे अनुभव

घरातली किती खरेदी मोबाईलवरून होते आणि किती नवी पेठ, मधला मारुती, चाटी गल्ली किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून होते, यावर घरोघरी वाद होतात. पण ते बहुधा पडद्यावरचा आकडा आणि दुकानदाराने सांगितलेला आकडा यांच्यापाशीच थांबतात. या धाग्यात त्यापुढचा हिशेब मांडावा. रिक्षाचे भाडे, घरपोच शुल्क, वस्तू परत पाठवण्याचा व्याप, दुरुस्तीसाठीच्या खेपा, उधारीची सोय, बिलाचा कागद हे सारे धरून वस्तू कितीला पडली ते लिहावे. घोषणा नकोत. ज्यांच्याविषयी तक्रार आहे त्या दुकानाचे वा कंपनीचे नाव लिहू नये. वस्तू, रक्कम आणि काय घडले एवढे पुरे. सुरुवात मीच करतो.

धागाकर्ता, विजापूर रोड

वॉशिंग मशीन घ्यायचे ठरले तेव्हा तेच मॉडेल ऑनलाइन दोन हजार रुपयांनी कमी किमतीला दिसत होते. कागदावर मांडणी केल्यावर चित्र पालटले. ऑनलाइन घेतलेले मशीन तळमजल्यापर्यंतच येणार होते, त्यामुळे तिसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली वेगळी होती. स्टँड वेगळा घ्यावा लागणार होता. आणि आमचे जुने मशीन आमच्या पिनकोडवर बदलीत घेतले जात नव्हते. दुकानदाराने जुन्या मशीनचे पंधराशे रुपये धरले, स्टँड दिला आणि माणसे पाठवून मशीन वर चढवून दिले. दोन हजारांचा फरक एवढ्यातच जिरला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्याने प्रथम विचारले, "पाणी कुठले वापरता?" आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे मशीन चालते ते गच्चीवरच्या टाकीतल्या, बहुधा बोअरच्या जड पाण्यावर आणि कमी दाबाने. कोणते मॉडेल अशा दाबावर नीट भरते हे त्याने विकलेल्या मशीनांच्या तक्रारींवरून त्याला माहीत होते. वॉरंटी दोन्हीकडे कंपनीचीच असते, तेव्हा तिच्यापोटी दुकानदाराला जास्त पैसे देण्याचे कारण नाही. मी दिले ते या एका प्रश्नाचे, असे म्हणता येईल.

गृहिणी, जुळे सोलापूर

महिन्याच्या किराण्याचे बिल आणि ॲपवरची तीच यादी मी शेजारी ठेवून पाहिली. तेल, साबण, चहा, बिस्किटे अशा बंद पाकिटांच्या वस्तू ॲपवर बहुतेक वेळा स्वस्त मिळतात, हे मान्य केले पाहिजे, कारण कोपऱ्यावरचे दुकान अनेकदा एमआरपीलाच देते. पाकिटावर एमआरपीशेजारी दर किलोची किंवा दर ग्रॅमची किंमतही छापलेली असते. ती पाहिल्याशिवाय तुलना करू नये, कारण एकसारखी दिसणारी दोन पाकिटे कधी पाचशे ग्रॅमची आणि कधी चारशे पन्नासची असतात.

डाळी, तांदूळ, शेंगदाणे आणि ज्वारी यांचा हिशेब मात्र उलटा आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची ज्वारी भरतात आणि ती दाणा हातावर घेऊन, दातांखाली धरून पाहिल्याशिवाय घेतली जात नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी कशी होते हे ज्याला ठाऊक आहे, तो एक किलोच्या चकचकीत पाकिटासाठी जास्त पैसे मोजणार नाही. मधल्या मारुतीला जायला रिक्षा लागते हे खरे. पण वर्षाचा माल एकदम घेतल्यावर ते भाडे किलोमागे पैशांत उरते.

ॲपचा लपलेला खर्च म्हणजे मोफत घरपोचीची मर्यादा. दीडशे रुपयांची गरज असताना शुल्क वाचवण्यासाठी आपण आणखी शंभराचे काहीतरी टोपलीत टाकतो. ते शुल्क पंचवीस रुपयांचे असते. शिवाय हाताळणीचे चार-पाच रुपये आणि कुठल्यातरी देणगीची आधीच केलेली खूण, हे बिल उघडून वाचल्याखेरीज दिसत नाही.

धागाकर्ता

ताईंनी सांगितलेली ती खूण केवळ त्रासदायक नाही, नियमबाह्यही आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये ॲप आणि संकेतस्थळांवरच्या फसव्या मांडणीविरुद्ध ('डार्क पॅटर्न') मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. ग्राहकाच्या संमतीवाचून टोपलीत काही घालणे, पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर शुल्क उघड करणे आणि 'फक्त दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई लावणे हे त्यांतलेच होत. पुढचे अनुभव येऊ द्यावेत.

खासगी नोकरी, अक्कलकोट रोड

मोबाईल ऑनलाइन, क्रेडिट कार्डाच्या 'बिनव्याजी हप्त्यांवर' घेतला. व्याजाइतकी रक्कम आरंभी सूट म्हणून वजा दाखवतात आणि मग बँक तेवढेच व्याज हप्त्यांतून वसूल करते. परंतु त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो. माझ्या बाबतीत व्याज 1,400 रुपये होते, म्हणजे कर 252 रुपये; त्यावर बँकेचे प्रक्रिया शुल्क 199 रुपये आणि त्यावरचा कर मिळून सुमारे 235 रुपये. एकूण 487 रुपये वर गेले. नवी पेठेतला दुकानदार रोख दिल्यास पाचशे कमी करायला तयार होता आणि वर काच लावून देणार होता.

यंत्रमागधारकाच्या घरातला, पूर्व भाग

वरचे सगळे घेणाऱ्यांचे अनुभव आहेत, म्हणून विकणाऱ्याचा एक लिहितो. आमच्या घरात चादरी आणि टॉवेल विणले जातात. वडिलांचा माल व्यापाऱ्यामार्फत जात असे आणि पैसे महिन्यांनी येत. म्हणून मी एका मोठ्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी केली.

चादरीची अडचण तिच्या आकारात आहे. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल त्यावर भाडे लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे 5,000 ने भागतात. आमची डबल चादर घडी घालून 40 बाय 35 बाय 10 च्या खोक्यात बसते, म्हणजे आकारमानाचे वजन 2.8 किलो, काट्यावर ती दोन किलोही भरत नाही. घडी आवळून उंची 7 वर आणली की तेच वजन 1.96 किलोवर येते. आमच्या घरी आता विणण्याइतकाच विचार घडीचा होतो.

त्यानंतर पोर्टलचे कमिशन, प्रत्येक विक्रीमागचे ठरलेले शुल्क आणि या दोन्हींवरचा जीएसटी. अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे पोर्टलने आमच्या रकमेतून आधीच कापून सरकारात भरलेला कर, कापला जातो तो पुढे जमा धरता येतो, तरी तोपर्यंत पैसा अडकतो. सर्वांत मोठा घाव परतीचा. 'फोटोतल्यापेक्षा रंग गडद आहे' म्हणून परत आलेली चादर चुरगळलेली असते, तिची घडी मोडलेली असते आणि दोन्ही बाजूंचे भाडे बहुतेक वेळा आमच्याच माथी येते. ते नुकसान आम्ही पुढच्या गिऱ्हाइकांच्या किमतीत मिसळतो. दुसरा मार्ग नाही. म्हणून सोलापुरात राहून सोलापुरी चादर ऑनलाइन मागवणाऱ्याने समजून घ्यावे की तो दिल्लीतल्या कुणाच्या तरी परतीचे पैसेही भरत असतो. कारखान्याच्या दुकानातून घेतली तर तीच चादर आम्हालाही परवडते आणि त्यालाही.

आता दुसरी बाजू. ऑनलाइनमुळे माझी चादर आसामपर्यंत गेली, आणि व्यापाऱ्याकडे अडकणारे पैसे ठरलेल्या तारखेला खात्यात येऊ लागले. मागाला सूत रोखीने घ्यावे लागते, तेव्हा या तारखेची किंमत मी कमिशनपेक्षा कमी धरत नाही.

कापड दुकानदार, नवी पेठ

गिऱ्हाईक दुकानात येऊन माप घालून पाहते आणि तिथेच उभे राहून मोबाईलवर भाव काढते, हे आता रोजचे आहे. राग धरून उपयोग नाही. शर्टच्या बाबतीत मी त्या भावाला पुरा पडू शकत नाही, कारण भाडे, विजेचे बिल आणि तीन माणसांचे पगार त्या शर्टवरच निघायचे असतात. पण लग्नाचा बस्ता अजून तरी फोनवर बांधला गेलेला मी पाहिला नाही. वीस-पंचवीस बायका गादीवर बसतात, आत्याची साडी काकूच्या साडीपेक्षा हलकी दिसता कामा नये याचा न्यायनिवाडा होतो, चहा होतो, आणि लग्न झाल्यावर नेसल्या न गेलेल्या चार साड्या बदलूनही नेल्या जातात. त्या बदलीची तारीख कोणत्याही पावतीवर छापलेली नसते.

नोकरदार महिला, होटगी रोड

माझे सासरे पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळून आहेत. प्रौढांचे डायपर, अंथरुणाखालचे प्लास्टिक, मलमपट्टीचे सामान यांसाठी मी ऑनलाइनच खरेदी करते, आणि त्यात पैशांचा प्रश्न दुय्यम आहे. जवळच्या औषध दुकानात योग्य मापाचे डायपर कधी असतात, कधी नसतात. असले तरी एकच पाकीट असते आणि ते एमआरपीला मिळते. खोके मागवल्यावर नगामागे किंमत बरीच उतरते, आणि सासऱ्यांना एकटे ठेवून बाहेर पडावे लागत नाही. स्थानिक खरेदीविषयी बोलताना बाहेर पडता येणे हे गृहीत धरले जाते, ते प्रत्येक घरात शक्य नसते.

औषधे मात्र मी त्याच दुकानातून घेते. डॉक्टरांनी गोळी बदलली की तो न फोडलेल्या पट्ट्या परत घेतो आणि रात्री उशिरा फोन केला तरी दार उघडतो. ॲपवर जी पंधरा-वीस टक्के सूट मिळते ती अशा एका परतीत भरून निघते.

वकिली व्यवसाय, सात रस्ता परिसर

दोन प्रकरणे लिहितो. एका पक्षकाराने ऑनलाइन मागवलेल्या फोनच्या खोक्यात साबणाच्या वड्या निघाल्या. खोके उघडतानाचे चित्रीकरण होते, तरी पोर्टलने हात वर केले. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, आणि त्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी पक्षकाराला सोलापूर सोडावे लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आम्ही नोटीस पाठवली आणि रक्कम परत आली. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे, हे नोटिशीत लिहिलेले असले की फरक पडतो.

दुसरे प्रकरण स्थानिक दुकानाचे. 'पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा लागेल' असे सांगून इन्व्हर्टर विकला होता. तीन हजार वाचले म्हणून पक्षकार खूश होता. बॅटरी सहा महिन्यांत बसली; कंपनीने बिल मागितले आणि दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. खरेदी सिद्ध करणारा कागदच नसल्यामुळे मलाही फारसे काही करता आले नाही. बाजारातल्या आपुलकीवर भरवसा ठेवावा, पण बिल खिशात असल्यावर.

शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी, दक्षिण सोलापूर तालुका

आमच्या गावात पार्सल येत नाही. पार्सल आणणारा पोरगा फाट्यावरून फोन करतो आणि तिथवर गाडी काढावी लागते. तरीही स्पर्धा परीक्षेची पुस्तके ऑनलाइनच घेतो, कारण सोलापुरात नेमकी आवृत्ती नसली तर पुण्याला जाण्यापेक्षा फाटा जवळ आहे. पूर्व भागातल्या दादांना एक विचारायचे आहे: बहिणीच्या लग्नात द्यायला चादरी घ्यायच्या आहेत. खरी सोलापुरी कशी ओळखावी?

यंत्रमागधारकाच्या घरातला, पूर्व भाग

उलटी करून बघा. आपली चादर जकार्डवर, म्हणजे धाग्यांतूनच नक्षी उठवणाऱ्या मागावर, विणलेली असते, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना उठते आणि मागे रंगांची अदलाबदल झालेली दिसते. छापलेली नक्कल मागून फिकी किंवा कोरी असते. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचा हक्क) मिळालेला आहे, तरी त्या नावाने परप्रांतातला माल ऑनलाइन सर्रास विकला जातो. वस्तूच्या पानावर उत्पादकाचा पत्ता दिलेला असतो, तो वाचावा. एका बाजूचा धागा ओढून जाळला तर शुद्ध सुताची राख होते, गोळी होत नाही. लग्नासाठी डझनाने घ्यायच्या असतील तर साखर पेठ, अशोक चौक या भागात कारखान्यांची दुकाने आहेत, तिथे सकाळच्या वेळी यावे. बिल मागून घ्यावे.